ब्लॉकची झेरॉक्स निघत नाही

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, बेळगाव
मा. जिल्हा आरोग्य व कुटुंब कल्याण अधिकारी, बेळगाव
आणि जिल्ह्यात हॉस्पिटल, नर्सिंग होम, लॅब चालवणारी सगळी मंडळी

विषय : कॅन्सरच्या तपासणीसाठी काढलेला तुकडा आणि त्याचा ब्लॉक

सप्रेम नमस्कार,

मी बेळगावात एका मोठ्या दवाखान्याच्या गेटसमोर झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान चालवतो. दोन मशीन, एक कॉम्प्युटर, लॅमिनेशन. गेली अकरा वर्षं माझ्या मशीनच्या काचेवर आधार कार्ड, रेशन कार्ड, डिस्चार्ज कार्ड आणि लॅबचे रिपोर्ट पालथे पडत आले आहेत. योजनेच्या फॉर्मला तीन सेट, गावच्या डॉक्टरला दाखवायला एक, पाहुण्यातल्या शिकलेल्या पोराला पाठवायला एक. मी डॉक्टर नाही, लॅब टेक्निशियनही नाही, पण बायोप्सीचे, म्हणजे शरीरातून काढलेल्या तुकड्याच्या तपासणीचे, रिपोर्ट मी जितके पाहिलेत तितके एखाद्या शिकाऊ डॉक्टरनेही पाहिले नसतील. पाहिलेत म्हणजे वाचलेत असं नाही. वाचायला लागलो ते आक्काच्या आजारपणानंतर. ते पुढे सांगतो.

पत्र मराठीत लिहितोय. गाऱ्हाणं मांडायला राज्यात वापरात असलेली कुठलीही भाषा चालते असं राज्यघटनेचं ३५० वं कलम सांगतं, तेव्हा चालेल असं धरतो. कन्नड प्रतही जोडली आहे, ती शेजारच्या मेडिकलवाल्या मित्राने करून दिली. भाषेचं भांडण उकरून काढायला हे पत्र नाही.

गेल्या उन्हाळ्यात जांबोटीकडचे एक आजोबा आले. रिपोर्टच्या झेरॉक्स झाल्या. मग त्यांनी बंडीच्या खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली, गाठ सोडली आणि आतली वस्तू काचेवर ठेवली. म्हणाले, "ह्येचीबी एक काढा की ओ."

निळसर प्लॅस्टिकची जाळीदार चौकट, काडेपेटीपेक्षाही लहान. एका बाजूला पांढरं मेण आणि मेणात हरभऱ्याच्या डाळीएवढा तपकिरी डाग. कडेला पेन्सिलीने नंबर. लॅबमध्ये त्यांना सांगितलं होतं, ही एकच आहे, हरवली तर दुसरी मिळणार नाही. आजोबांचा हिशेब सरळ होता : एकच आहे ना, मग एक कॉपी काढून ठेवू. दुकानातला पोरगा हसला. मी त्याला चहा आणायला पिटाळलं.

ती चौकट म्हणजे ब्लॉक. शरीरातून काढलेला तुकडा आधी फॉर्मालिनमध्ये, म्हणजे तो टिकवणाऱ्या औषधी द्रावात, मुरतो. मग पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे तुकडे तपासणारे डॉक्टर, तो हातात घेऊन, मोजून, नेमका कुठून कापायचा ते ठरवून त्याचे लहान काप घेतात. रात्रभर यंत्रात त्या कापांतलं पाणी अल्कोहोलने काढतात, अल्कोहोल झायलीनने काढतात आणि शेवटी वितळलेलं मेण आत मुरवतात. मेण थिजलं की ब्लॉक तयार. त्याचे मायक्रोटोम नावाच्या यंत्रावर तीन-चार मायक्रॉनचे पापुद्रे काढायचे, म्हणजे आपल्या डोक्यावरच्या केसाच्या साधारण विसाव्या हिश्श्याएवढे पातळ. ते काचपट्टीवर चढवायचे, गुलाबी-जांभळा रंग द्यायचा, आणि मग कुठे सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा. म्हणून बायोप्सीचा रिपोर्ट शुगरसारखा संध्याकाळी मिळत नाही. काउंटरवरच्या माणसाने पेशंटला एवढं जरी सांगितलं तरी तिथली निम्मी भांडणं मिटतील.

रिपोर्टचा कागद हरवला तर लॅबच्या कॉम्प्युटरमधून दुसरा निघतो. ब्लॉकचं तसं नाही. कॅन्सर कुठल्या जातीचा, त्याला कुठलं औषध लागू पडेल, या पुढच्या तपासण्या त्याच मेणातल्या डागावर होतात. मुंबईच्या टाटासारख्या ठिकाणी बाहेरून आलेल्या पेशंटकडे आधी स्लाइड आणि ब्लॉक मागतात, आपल्या पॅथॉलॉजिस्टकडून पुन्हा बघून घेतात, त्यानंतर उपचाराचं बोलतात. आणि आमची माणसं तिथे लॅमिनेशन केलेला रिपोर्ट घेऊन उभी राहतात. लॅमिनेशन मीच केलेलं असतं.

आता आक्काचं. आक्का माझी मोठी बहीण, खानापूर तालुक्यात दिलेली. छातीत गाठ लागली म्हणून जवळच्या एका नर्सिंग होममध्ये नेलं. नाव लिहीत नाही. डॉक्टर माणूस म्हणून चांगले आहेत, भावोजींना साप चावला तेव्हा रात्री दोनला उठून आले होते. आधी जाड सुईने थोडासा नमुना घेऊन तपासायची पद्धत आहे हे मला फार नंतर कळलं. तिथे सरळ गाठच काढली. नर्सबाईंनी ती प्लॅस्टिकच्या डबीत घातली, वर सलाइन ओतलं, झाकण लावून झाकणावर स्केचपेनने आक्काचं नाव लिहिलं आणि डबी माझ्या हातात दिली. "बेळगावला लॅबमध्ये देऊन टाका."

शनिवार होता. जुलै महिना, खानापूरचा पाऊस. डबी रुमालात गुंडाळून मांडीवर धरली आणि बसमध्ये खिडकीशी बसलो. सव्वीस किलोमीटर जायला त्या दिवशी दोन तास लागले. लॅबचं काउंटर बंद झालेलं. वॉचमन म्हणाला, सोमवारी या. मी डबी घरी नेली आणि फ्रिजमध्ये ठेवली, दुधाच्या पिशवीशेजारी. बायकोने दोन दिवस फ्रिज उघडला नाही. आम्ही काळा चहा प्यायलो.

थंडीत टिकेल अशी माझी समजूत. पण शरीराबाहेर आलेला तुकडा त्याच्याच पेशींतल्या रसांनी आतून विरघळायला लागतो, आणि ते थांबवायचं काम फॉर्मालिनचं. सलाइन म्हणजे मिठाचं पाणी, ते काहीच थांबवत नाही. फ्रिज ते मंद करतो, एवढंच. दहा टक्क्यांचं न्यूट्रल बफर्ड फॉर्मालिन लागतं, तेही तुकड्याच्या निदान दहापट. बाटलीत तुकडा कोंबून वर चमचाभर ओतून भागत नाही. स्तनाची गाठ काढल्यापासून तासाभरात फॉर्मालिनमध्ये गेली पाहिजे, आणि त्यात कमीत कमी सहा तास, जास्तीत जास्त बहात्तर तास राहिली पाहिजे. फॉर्मालिन तासाला जेमतेम मिलिमीटरभर आत शिरतं, म्हणून मोठी गाठ लवकर लॅबमध्ये पोचून तिला काप द्यावे लागतात. नाव डबीच्या अंगावर लिहायचं, झाकणावर नाही, कारण झाकणं बदलतात. आमच्या झाकणावरचं नाव सोमवारपर्यंत पुसट झालं होतं. डबी एकच होती म्हणून निभावलं.

त्या डबीत सलाइनच्या जागी फॉर्मालिन असतं, तर शनिवार दुपार ते सोमवार सकाळ हे सगळं बहात्तर तासांत बसत होतं. हे गणित मी नंतर कितीदा मांडलं ते विचारू नका.

रिपोर्ट आला. कॅन्सर आहे एवढं निदान झालं. खाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती : नमुना नीट टिकवलेला नसल्याने रिसेप्टरच्या तपासणीचा निष्कर्ष ग्राह्य धरता येत नाही, शक्य झाल्यास नव्या नमुन्यावर करावी. त्या ओळीच्या मी तीन झेरॉक्स काढल्या आणि ती एकदाही वाचली नाही.

रिसेप्टर म्हणजे काय ते आता पाठ झालंय. ईआर आणि पीआर या तपासण्या सांगतात की गाठ शरीरातल्या हार्मोनवर पोसली जातेय का. जात असेल तर वर्षानुवर्षं घ्यायची एक साधी गोळी मोठं काम करते. हर-टू हे गाठीच्या पेशींवरचं एक प्रथिन, ते जास्त असेल तर त्याचं वेगळं इंजेक्शन आहे, महागडं. हर-टूला ० ते ३ असे गुण देतात. २ आले की धड हो नाही आणि धड नाही नाही, मग त्याच ब्लॉकवर फिश नावाची जनुकांची तपासणी करायची. हे कळल्याशिवाय डॉक्टरने औषध ठरवायचं म्हणजे अंधारात सुईत दोरा ओवायचा.

आक्काच्या दुसऱ्या ऑपरेशनात काखेतल्या गाठी काढल्या, त्यांतल्या एकीत कॅन्सर सापडला, आणि शेवटी तपासणी त्या गाठीवर झाली. म्हणजे कॅन्सर काखेपर्यंत पोचला होता म्हणून तपासायला नमुना मिळाला. याला नशीब म्हणायचं की काय, मला अजून ठरवता आलेलं नाही. मधे सहा आठवडे गेले. ईआर पॉझिटिव्ह निघालं. आता रोज रात्री जेवण झालं की ती ताकाच्या पेल्याशेजारी गोळी ठेवते आणि मला फोन करून सांगते, "घेतली रे."

मी कुणावर आळ घालायला बसलेलो नाही. नर्सबाईंना कुणी शिकवलं नव्हतं, मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि लॅबने जे हातात आलं ते तपासलं. फॉर्मालिन काही दुर्मिळ नाही, कॉलेजात बेडूक बुडवून ठेवतात ते त्याच घराण्यातलं. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात भरलेल्या, लेबल लावलेल्या बाटल्या ठेवा आणि आजूबाजूच्या नर्सिंग होमना तिथून न्यायला सांगा. खाजगी दवाखान्यांची नोंदणी २००७ च्या केपीएमई, म्हणजे कर्नाटकातल्या खाजगी वैद्यकीय आस्थापनांच्या, कायद्याखाली आपल्याकडेच होते. ऑपरेशन करणाऱ्या प्रत्येक ठिकाणी अशा बाटल्या आहेत का, हा एक प्रश्न तपासणीच्या फॉर्मात घाला. आणि शहरातल्या लॅबवाल्यांनो, शनिवारी दुपारनंतर तपासू नका हवं तर, पण नमुना घ्यायला एक माणूस ठेवा. डबी घेऊन, वेळ बघून, फॉर्मालिन आहे की नाही एवढं पाहणारा.

आता ब्लॉक मिळवण्याचं. हा जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सगळ्यात मोठा, आणि त्याच्या कडा तिसऱ्याच गावांना टेकलेल्या. कागवाडच्या माणसाला मिरज हाकेवर, निपाणीकराला कोल्हापूर जवळ, खानापूरच्या जंगलपट्ट्यातला माणूस गोव्याला बांबोळीला जातो. शेक, म्हणजे रेडिएशन, घ्यायला कुणी हुबळीला. उलट चंदगडची माणसं इकडे बेळगावात येतात. एका बाजूला आयुष्मान भारत - आरोग्य कर्नाटक, दुसऱ्या बाजूला सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना देण्याचा महाराष्ट्राचा निर्णय. त्यावरून दोन्हीकडच्या पुढाऱ्यांनी काय काय म्हटलं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. पेशंट बिचारा ज्या खिडकीवर कार्ड चालेल तिथे जातो. तुकडा बेळगावात, ऑपरेशन मिरजेत, किमो आणखी कुठे. आणि प्रत्येक खिडकीवर पहिला प्रश्न तोच : ब्लॉक कुठे आहे?

निपाणीकडच्या एका बाईंचं सांगतो. आयुष्य तंबाखूच्या वखारीत गेलेलं, दात दुखला की मिश्री, नाही दुखला तरी मिश्री. जिभेच्या कडेला चट्टा आला, तुकडा काढला, रिपोर्ट आला. पुढे दुसऱ्या राज्यातल्या दवाखान्याने ब्लॉक मागितला. त्यांचा मुलगा तीन खेपा घालून माझ्या दुकानात टेकला होता, म्हणून त्याला मिळालेली उत्तरं मला क्रमाने माहीत आहेत. पहिल्या खेपेला, डॉक्टरांचं पत्र आणा. दुसऱ्या खेपेला, ज्यांनी तुकडा काढला त्यांचंच पत्र पाहिजे. तिसऱ्या खेपेला, साहेब रजेवर आहेत. प्रत्येक खेप म्हणजे एक दिवसाची हजेरी बुडाली. शेवटी नव्या दवाखान्याने जिभेचा तुकडा पुन्हा काढला. ज्या जिभेने पाणी पिताना डोळ्यांतून पाणी यायचं, त्याच जिभेचा.

लॅबवाल्यांचीही बाजू आहे, ती मला त्यांच्यातल्याच एकाने चहावर सांगितली. ब्लॉक दिला आणि रेल्वेत हरवला तर लोक परत लॅबच्याच दारात येतात. उद्या कोर्टकज्जा झाला तर पुरावा तोच. सुईने घेतलेला नमुना धाग्याएवढा असतो, प्रत्येक वेळी मशीनवर चढवताना त्यातला थोडा फुकट जातो, दोन-तीन ठिकाणी फिरून आला की मेणात काही उरतच नाही. सगळं खरं. मग सही घ्या, परत आणायची तारीख लिहून घ्या, नमुना बारीक असेल तर रंग न दिलेल्या काही स्लाइड काढून त्या द्या, पुढच्या लॅबला फोन करा. पण पेशंटला तीनदा परत पाठवू नका. रुग्णाच्या नोंदी मागितल्यावर बहात्तर तासांत द्यायच्या, असं भारतीय वैद्यक परिषदेची २००२ ची नियमावली सांगते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१९ मध्ये राज्यांना पाठवलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत दुसऱ्या डॉक्टरचं मत घेण्याचा हक्क आहे. ब्लॉक न देता ते मत कशावर घ्यायचं, माझ्या झेरॉक्सवर?

माझं मागणं एका खिडकीचं आहे. दिवसातले ठरलेले दोन तास, फी किती ते भिंतीवर लिहिलेलं, कुठली कागदपत्रं लागतात ते कन्नड आणि मराठीत लिहिलेलं, आणि पावती. पेशंट अंथरुणावर असेल तर त्याचं साधं पत्र घेऊन आलेल्या नातेवाइकालाही मिळावं. ब्लॉक देताना एक वाक्य बोला, उन्हात ठेवू नका. मेण साठ अंशांच्या आसपास वितळतं, आणि एप्रिलमध्ये बंद गाडीच्या काचेशी ठेवलेला ब्लॉक मऊ पडतो. जांबोटीच्या आजोबांनी रुमालात बांधून बंडीच्या आत ठेवला होता ते त्या मानाने शहाणपणाचंच.

रिपोर्ट मराठीत द्या असं मात्र मी म्हणणार नाही. आमच्यातल्या काहींना हे आवडणार नाही, पण रिपोर्ट एका डॉक्टरने दुसऱ्या डॉक्टरला लिहिलेली चिठ्ठी आहे, तिच्यात भाषांतराची चूक झाली तर माणूस जाईल. माझी तक्रार वेगळी आहे : ती चिठ्ठी पेशंटच्या हातात देताना कुणी चार शब्द बोलत नाही. मग तो रस्ता ओलांडून माझ्याकडे येतो. "मालक, तेवढं काय लिवलंय बघा की."

दोन वर्षांपूर्वी एक तरुण नवरा आला, झेरॉक्स झाल्या आणि अर्ध्या तासाने परत आला तो कुंद्याचा बॉक्स घेऊनच. बायकोचा रिपोर्ट आलाय, सगळं निगेटिव्ह आहे, तोंड गोड करा म्हणाला. मी कागद पाहिला. ईआर निगेटिव्ह, पीआर निगेटिव्ह, हर-टू निगेटिव्ह. डेंग्यू निगेटिव्ह, कोरोना निगेटिव्ह हे शब्द गावोगाव पोचलेत, त्यामुळे निगेटिव्ह म्हणजे सुटलो. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीची कड निगेटिव्ह आली, म्हणजे कडेला कॅन्सर दिसला नाही, तर ती खरंच चांगली बातमी. पण ही तीन निगेटिव्ह एकत्र आली म्हणजे हार्मोनची गोळीही चालणार नाही आणि ते इंजेक्शनही नाही, मुख्य भरवसा किमोवर. हे मी सांगायचं? झेरॉक्सवाल्याने? मी कुंदा घेतला, आणि डॉक्टरांना एकदा नीट विचारून घ्या एवढंच म्हणालो. तो बॉक्स संध्याकाळपर्यंत काउंटरवर तसाच होता.

जाता जाता आणखी एक. शिबिरांत आणि जाहिरातींत "कॅन्सर पॅकेज" नावाने रक्ताच्या तपासण्या विकल्या जातात. त्यातली सीए-१२५ ही अंडाशयाच्या कॅन्सरसाठी म्हणून करतात, पण ती पाळीच्या दिवसांतही वाढलेली दिसते, पोटाच्या टीबीतही वाढते. तो आकडा बघून घाबरलेल्या बायका मी पाहिल्यात, आणि आकडा नॉर्मल आला म्हणून गाठ घेऊन घरी बसलेल्याही. घट्ट गाठीचं निदान तुकडा काढूनच करायचं असतं. तसंच लेटरहेडवरच्या एनएबीएलच्या, म्हणजे लॅबना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाच्या, शिक्क्याचं : ती मान्यता प्रत्येक तपासणीला वेगळी असते, रक्ताच्या तपासणीला आहे म्हणून ईआर-हर-टूलाही असेलच असं नाही. काउंटरवर तपासण्यांची यादी लावली तर विचारणाऱ्याला विचारता तरी येईल.

सोबत एका चिठ्ठीचा नमुना जोडला आहे. पोस्टकार्डाएवढी, एका बाजूला कन्नड, एका बाजूला मराठी. रुग्णाचं नाव, तुकडा शरीरातून कुठून काढला, किती वाजता फॉर्मालिनमध्ये टाकला, लॅबचा नंबर, ब्लॉक किती, आणि ब्लॉक मागायला कुठे व कधी यायचं. तुकडा काढतानाच ती नातेवाइकाच्या हातात द्यायची, बाकीच्या जागा लॅबने भरायच्या. लॅमिनेशनचा विचार होता, पण त्यावर पेन चालत नाही, म्हणून जाड कागद घेतलाय. पहिल्या दोन हजार प्रती मी काढून देतो, पैसे नकोत. फक्त कन्नड बाजू तुमच्या ऑफिसातून एकदा कुणी तपासून द्यावी. मित्र औषधांत पक्का आहे, व्याकरणात कच्चा.

दुकान सकाळी नऊ ते रात्री साडेआठ उघडं असतं, रविवारी दुपारपर्यंत.

आपला,
दवाखान्यासमोरचा झेरॉक्सवाला,
बेळगाव